जतुगृहातले सहा जण : महाभारतावरून थ्रिलर लिहिताना

नदीकाठची

दीड वर्षापासून एक थ्रिलर लिहितेय. विषय लाक्षागृहाचा, महाभारताच्या भाषेत जतुगृहाचा. सोळा प्रकरणं झाली आणि आता अडले आहे, म्हणून इथे विचारते.

आधी अडण्याचं कारण सांगते. पहिली पाच प्रकरणं एका प्रकाशनाकडे दाखवली होती. तिथल्या संपादकांनी ती मनापासून वाचली आणि सुचवलं की कथा आजच्या काळात आणा. एक गुप्त पोथी असू दे, तिचं सात पिढ्या रक्षण करणारं मंडळ असू दे, पोथीत एखाद्या अस्त्राचं सूत्र असू दे आणि ते मिळवायला परदेशी टोळी मागे लागू दे. अशी पुस्तकं खपतात हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या हातून ते होईना. मूळ पर्वात जे लिहिलंय ते याहून कितीतरी भयंकर आहे, आणि ते कुणी लपवून ठेवलेलं नाही. नव्वद वर्षांहून जास्त काळ ते छापील पुस्तकात उघडं पडलेलं आहे.

आम्ही मूळचे कोपरगावचे. आजी चातुर्मासात श्रीधरांचा पांडवप्रताप वाचायची. लाक्षागृहाची कथा संपली की पोथी बांधायची, हात जोडायची आणि म्हणायची, "सुटले गं बाई." तिच्याबरोबर मीही सुटायचे. चाळिशी उलटल्यावर संस्कृत शिकायला घेतलं आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती समोर घेऊन बसले. १३६व्या अध्यायात युधिष्ठिर भावांना म्हणतो:

आयुधागारमादीप्य दग्ध्वा चैव पुरोचनम् ।
षट् प्राणिनो निधायेह द्रवामोऽनभिलक्षिताः ॥

शस्त्रागार पेटवून, पुरोचनाला (हे घर बांधणाऱ्या दुर्योधनाच्या माणसाला) जाळून, सहा जीव इथे ठेवून आपण कुणाच्या नजरेस न पडता निघून जाऊ. सहा जीव. पाच भाऊ आणि आई, तेवढेच.

लगेच पुढच्या श्लोकात कुंती रात्रीचं ब्राह्मणभोजन घालते. त्यासाठी शब्द आहे "दानापदेशेन", म्हणजे दानाचं निमित्त करून. त्या जेवणाला एक निषादी, म्हणजे रानात राहणाऱ्या निषाद लोकांतली बाई, आपल्या पाच मुलांसह येते. कशी येते? "यदृच्छया", म्हणजे सहजगत्या. आणि "कालचोदिता", काळाने ढकललेली. ती आणि मुलं दारू पितात, शुद्ध हरपून त्याच घरात मेल्यासारखी झोपतात. रात्री भीम आग लावतो.

आधी सहा जिवांची गरज बोलून दाखवली. मग निमित्ताचं जेवण झालं. मग मोजून सहा जण आले. आणि ते आपोआप आले असं सांगून टाकलं. हे सगळं पाच-सहा श्लोकांत. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कादंबरीचं पहिलं पान लिहिलं.

आता प्रश्न. ज्या ग्रंथाला घरात फूल वाहिलं जातं त्याच्यावरून खुनाची गोष्ट लिहिताना कुठवर जावं? आणि ही गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी सांगावी? इथे वाचणारे, लिहिणारे, पोथ्यांत काम करणारे बरेच जण आहेत. मोकळेपणाने सांगा.

दिंडीवाटेचा

ताई, मी दर वर्षी पारायणाला बसणारा माणूस आहे, तेव्हा माझं बोलणं त्या जागेवरून ऐका. श्लोक तुम्ही बरोबर दिला आहे. मी घरची प्रत काढून पाहिली. पण तुम्ही "निधाय" पकडलात तर त्याच्या मागचं वर्षही पकडा. ताग, राळ, तूप, चरबी आणि लाख मातीत कालवून बांधलेल्या घरात ती सहा माणसं वर्षभर राहिली. युधिष्ठिराला घरात पाऊल ठेवताच तूप-लाखेचा वास आला होता. पळून जावं तर दुर्योधनाचे हेर मागावर, राहावं तर पुरोचन आग लावणार ती कृष्ण चतुर्दशीची कुठलीतरी रात्र आपली. दिवसा शिकारीच्या नावाखाली रानं धुंडाळायची, म्हणजे वाटा माहीत होतील, आणि रात्री शस्त्र जवळ ठेवून झोपायचं. अशा माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य आहे ते.

त्याला खुनी ठरवून मोकळं होणारी कादंबरी मी वाचणार नाही. पण त्याला ते वाक्य उच्चारायला किती जड गेलं असेल हे दाखवणारी असेल तर घरात सगळ्यांना वाचून दाखवीन.

आणखी एक. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात बरनावा गावी, हिंडन आणि कृष्णी नद्यांच्या संगमापाशी एक टेकाड आहे. त्याला लोक लाक्षागृह म्हणतात. त्या जागेवर दर्गा आणि कबरस्तान आहे असा दावा १९७० मध्ये दाखल झाला, त्याचा निकाल २०२४ मध्ये लागला. उत्तराखंडात लाखामंडल आहे, तिथलेही लोक हेच वारणावत, म्हणजे जतुगृह होतं ते नगर, असं म्हणतात. तुमची कथा आजच्या काळात आणून "इथेच ते सापडलं" असं दाखवायचा मोह झाला तर हे ध्यानात ठेवा. तिथे जिवंत माणसं राहतात आणि कादंबरीतला पुरावा उद्या कुणीतरी खरा म्हणून फिरवतो.

शिरोरेखा

हस्तलिखितांच्या कामात वीसेक वर्षं गेली, म्हणून "गुप्त पोथी" या प्रकाराबद्दल थोडं लिहिते.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती हीच मुळात एक तपासकथा आहे. पुण्यात १९१९ मध्ये काम सुरू झालं, १९६६ मध्ये संपलं. वि. सी. सुखठणकरांनी आदिपर्व १९३३ मध्ये पुरं केलं आणि १९४३ मध्ये ते गेले. पुढे बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी ते तडीस नेलं. एकूण १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एकमेकींपासून हजारो कोस दूर वाढलेल्या. त्या दोघींत एकच पाठ असेल तर तो जुना मानायचा, कारण मधल्या लेखकांनी एकमेकांना विचारून ठरवलेलं असणं शक्य नाही. वेगवेगळ्या खोलीत बसवलेल्या साक्षीदारांची जबानी जुळावी तसं हे. जी कडवी फक्त काही पोथ्यांत आहेत ती खाली तारांकित करून दिली, मोठे भाग परिशिष्टात गेले. गणपतीने लेखनिक होण्याची कथा आपण सगळे जाणतो, ती अशीच मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली.

आणि "षट् प्राणिनः" मात्र संहितेत राहिलं! कुणी नंतर घुसडलेलं म्हणून ते वगळलं गेलं नाही, आणि गोष्टीला अडचणीचं म्हणून शतकानुशतकं ते कुणी खोडलंही नाही. तुमच्या कथेतला सगळ्यात मोठा पुरावा कुठल्या तळघरात नसून छापलेल्या संहितेत आहे. त्याला आणखी पोथी कशाला हवी?

कोपरगावच्या म्हणता म्हणून सांगते. महाभारतावर सगळ्यात जास्त वाचली गेलेली टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर हे सतराव्या शतकातले, काशीत राहून लिहीत. त्यांचं घराणं गोदाकाठच्या कर्पूरग्रामाचं, म्हणजे तुमच्याच कोपरगावचं.

कूट हवंच असेल तर खरं वापरा. पोथीच्या शेवटी लेखक काळ लिहायचे तो शब्दांत. चंद्र म्हणजे १, नेत्र २, वेद ४, बाण ५, रस ६. आणि नियम असा की आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे, "अंकानां वामतो गतिः". "वेद-नेत्र-बाण-चंद्र" दिसलं तर तो शके १५२४. दुसरी पद्धत कटपयादी, तिच्यात अक्षराला अंक असतो. ज म्हणजे ८, य म्हणजे १, उलट वाचले की १८. महाभारताचं जुनं नाव "जय" आणि पर्वं अठरा. हा योग कुणी जुळवला की जुळून आला हे मी ठामपणे सांगणार नाही, पण तुमच्या एखाद्या पात्राला यावरून रात्रभर जागवता येईल.

पोथीच्या शेवटी येणारा एक श्लोक मला फार आवडतो. "यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥" जसं पुस्तक पाहिलं तसं लिहिलं, चूक असो बरोबर असो, मला दोष देऊ नका. एका अनाम माणसाने हात आखडून घेतलेला असतो तिथे. तुमच्या गोष्टीत तो माणूस कुठेतरी असू दे.

अंजनवेल

शिरोरेखाताईंच्या प्रतिसादाला अनुमोदन. मीही तीन वर्षांपूर्वी "पुराणातलं विमान" घेऊन एक दीर्घकथा लिहिली होती आणि दिवाळी अंकात छापूनही आली. आता वाचवत नाही. सगळा थरार पळापळीचा होता. पात्रं धावत होती म्हणून वाचक धावत होता, इतकंच. ग्रंथातलं कुठलंही दुःख त्यात उतरलं नव्हतं.

परदेशस्थ

टोरांटोहून लिहितोय. इथे रात्री दोन वाजता धागा वाचला आणि उठून सौप्तिकपर्व काढलं.

नदीकाठची, एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली नसेलच, तरी लिहितो. युद्ध संपल्यावर अश्वत्थामा वडाखाली पडलेला असतो. झोप येत नाही. फांद्यांवर कावळे निजलेले असतात, एक घुबड येतं आणि झोपेतच त्यांना मारून टाकतं. ते पाहून त्याला सुचतं. कृप आणि कृतवर्मा छावणीच्या दाराशी उभे राहतात, बाहेर धावणाऱ्यांना तिथे कापतात, आणि हा आत शिरून धृष्टद्युम्नाला, शिखंडीला आणि द्रौपदीच्या पाच मुलांना मारतो. झोपेत.

आदिपर्वात झोपलेली पाच मुलं जळाली. सौप्तिकपर्वात झोपलेली पाच मुलं मेली. पहिल्या पाचांची आई त्यांच्याबरोबर गेली, दुसऱ्या पाचांची आई मागे उरली. दोन्हीकडे रात्र, दोन्हीकडे बेसावध माणसं. या दोन रात्रींमध्ये अख्खं महाभारत आहे. दुसऱ्या रात्रीची बातमी युधिष्ठिराला कोण सांगतो? धृष्टद्युम्नाचा सारथी, वाचलेला. पहिल्या रात्री असा कुणी वाचलेला नाही.

थ्रिलरच्या अंगाने आणखी एक. आपल्याकडे समजूत आहे की शेवट आधी कळला की मजा गेली. व्यासांना तसं वाटत नव्हतं. भीष्मपर्वात संजय रणावरून परत येतो आणि धृतराष्ट्राला पहिल्यांदा सांगतो की भीष्म पडले. मग म्हातारा विचारतो, कसे पडले? तिथून दहा दिवसांची हकीकत सुरू होते. शेवट माहीत असूनही आपण ऐकत राहतो, कारण धृतराष्ट्र ऐकतो आहे आणि त्याचं त्यात सगळं काही आहे. तुमच्या कथेतही पांडव सुटणार हे मराठी वाचकाला पाळण्यापासून माहीत आहे. तेव्हा "सुटतील का" हा प्रश्न सोडून द्या. "त्यांच्या जागी कोण" हा खरा प्रश्न.

नदीकाठची

परदेशस्थ, दोन रात्रींची ही जोडी मला खरंच दिसली नव्हती. वाचून अंगावर काटा आला. मनापासून आभार.

दिंडीवाटेचे काका, तुमचं वाक्य लिहून टेबलासमोर लावलंय. त्याला ते उच्चारायला किती जड गेलं असेल. माझ्या सातव्या प्रकरणात युधिष्ठिर ते फार सरळ बोलून टाकतो, ते बदलते.

काळा डगला

वकिली करते, म्हणून मला फक्त एका प्रश्नापुरतं लिहिता येईल. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम १९२७ साली दंड संहितेत २९५-अ म्हणून आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत २९९ आहे. त्यात हेतू "जाणूनबुजून आणि दुष्ट बुद्धीचा" असावा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये हे कलम वैध ठरवतानाही त्या हेतूवरच बोट ठेवलं. मूळ श्लोक अचूक उद्धृत करून, त्यातल्या प्रश्नाला भिडणारी कादंबरी आणि कुणाला डिवचायला लिहिलेलं पुस्तक यात फरक आहे. टिपणं नीट ठेवा. कुठला श्लोक, कुठली आवृत्ती, सगळं.

लेखाधिकाराचं म्हणाल तर व्यासांचा श्लोक सगळ्यांचा, पण आजच्या एखाद्या अभ्यासकाने केलेलं मराठी भाषांतर त्यांचं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ते जपलं जातं. भाषांतर स्वतःचं करा, तुम्हाला तर येतंच.

ऋद्धिपूरची वाट

मी अमरावती जिल्ह्यातला, घर महानुभाव. धागा वाचून राहवलं नाही.

गुप्त लिपी म्हटलं की लोक आमच्याकडे बोट दाखवतात. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंकलिपी, आमच्या पोथ्या अशा लिप्यांत लिहिलेल्या होत्या हे खरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे आणि राजवाडे यांनी त्या उलगडल्यावर बाहेरच्या जगाला कळलं की आत सातशे वर्षांपूर्वीचं मराठी गद्य आहे. बाहेरच्यांना तो खजिना वाटला. आमच्या आजोबांना तो रोजचा पाठ होता. एका कथेत मी वाचलं की महानुभाव मठात लिपीआड सोनं लपवलेलं असतं. ती कथा वाचून माझ्या वडिलांना जे वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही. तुम्ही लोक लिहिता तेव्हा त्या पोथीसमोर आजही कुणी सकाळी बसतं हे मनात असू द्या, एवढीच विनंती.

आता तुमच्या कामाचं. माझ्या मते मराठीतला पहिला तपासकर्ता म्हाइंभट, लीळाचरित्राचा कर्ता. आमच्या पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर शिष्य ऋद्धिपुरात जमले. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून स्वामींच्या आठवणी ऐकल्या, टिपल्या, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. जो प्रसंग ज्याच्यासमोर घडला त्याच्याकडे गेले आणि त्याच्याकडून पुन्हा ऐकला. कोण कुठे बसलं होतं, स्वामी काय म्हणाले, कोणत्या शब्दांत म्हणाले. १२७८च्या सुमाराचं हे काम. पुढे खलजीच्या स्वाऱ्यांत ती मूळ पोथी गेली असं आमची परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्या तोंडून ती पुन्हा उभी केली. हिराइसेचा पाठ त्यातला. एका बाईच्या स्मरणात सबंध ग्रंथ होता. आणि दोन पाठांत फरक आला तर लपवला नाही, दोन्ही सांगितले.

तुम्ही विचारलं ना, कुणाच्या डोळ्यांनी सांगू? म्हाइंभटासारख्या माणसाच्या डोळ्यांनी सांगा. जो घडलेलं पाहायला नव्हता, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या दारोदार गेला.

शिरोरेखा

वरचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. दादा, मनापासून नमस्कार.

यावरून एक आठवलं. ज्ञानेश्वरीच्या प्रती बिघडल्या तेव्हा नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली, आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो स्वतःची मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. ग्रंथात घुसडायचं नाही. पण ग्रंथाशेजारी आपलं वेगळं पान मांडायला नाथांनी कधी मना केलं नाही, स्वतः त्यांनी भारुडं लिहिलीच की. मला वाटतं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. श्लोकात फेरफार नको, पात्राच्या तोंडी खोटा श्लोक नको, आणि "हेच खरं महाभारत" असं मागच्या मुखपृष्ठावर नको. बाकी तुमचं पान तुमचं.

आषाढघन

संस्कृत शिकवतो. "निधाय"चा अर्थ "ठेवून" हाच, दुसरा ओढूनताणून काढू नये. पण एक बारीक मुद्दा. "यदृच्छया" आणि "कालचोदिता" हे शब्द युधिष्ठिराचे नाहीत, कुंतीचे नाहीत. ते महाभारत सांगणाऱ्या वैशंपायनाचे आहेत, आणि तो सांगतोय जनमेजयाला, सर्पसत्रात. जनमेजय अर्जुनाचा पणतू. त्या आगीतून अर्जुन सुटला म्हणून तो जन्माला आला. त्याच्या सभेत, त्याच्या तोंडावर, सांगणाऱ्याने "सहा जीव ठेवून" हे वाक्य गाळलं नाही, पण लगेच "काळाने ढकललेली" असं म्हटलं. मला त्यात लबाडी दिसत नाही. सांगावं तर लागतं आणि सांगवत नाही, अशा माणसाची जीभ तिथे अडखळते. वर्गात हा भाग शिकवताना मी इथे दर वेळी थांबतो.

आणि ती मुलं लहान नव्हती हे लक्षात असू द्या. दारू पिणारी, आणि जळाल्यावर पाच पांडव म्हणून खपणारी. म्हणजे पाच तरणे पुरुष. कथाकीर्तनात त्यांना लेकरं करतात, श्लोक तसं म्हणत नाही.

नदीकाठची

आषाढघन सर, जनमेजयाचं हे मी पहिल्यांदा असं ऐकतेय.

आता माझ्याकडचं एक पान मांडते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते १३७व्या अध्यायात आहे. वारणावतचे लोक आग विझवायला, राख उपसायला जमतात. पुरोचन जळालेला सापडतो. निषादी आणि तिची पाच मुलं सापडतात. आणि त्याच गर्दीत तो खनक असतो, विदुराने पाठवलेला, ज्याने घराच्या मधोमध भुयार खणून वर जमिनीच्या पातळीत फळ्या बसवल्या होत्या. तो राख साफ करण्याच्या निमित्ताने भुयाराचं तोंड मातीने बुजवून टाकतो आणि शेजारी उभ्या असलेल्यांना ते कळत नाही. पुढे हस्तिनापुरात सगळे रडतात, आणि विदुर थोडंच रडतो, कारण त्याला खरं माहीत असतं. "विदुरस्त्वल्पशश्चक्रे शोकं". गुन्ह्याच्या जागी पुरावा नष्ट करणारा माणूस मदतनीस बनून उभा आहे, आणि सूत्रधार शोकसभेत जरा कमी रडतो म्हणून ओळखू येतो. हे सगळं व्यासांनी लिहून ठेवलंय, मी काही घातलेलं नाही.

आतापर्यंत माझी कथा खनकाच्या तोंडून चालली होती. पांडव निघताना विदुर युधिष्ठिराशी कोड्यात बोलला, रानाला जाळणारा अग्नी बिळात राहणाऱ्याला जाळत नाही वगैरे, आणि खनकाने आपली ओळख पटवायला तेच सांगितलं की विदुर तुझ्याशी म्लेंच्छ भाषेत बोलला होता. हा परवलीचा प्रसंग मला फार आवडतो, म्हणून त्याला निवेदक केलं. पण ऋद्धिपूरच्या दादांनी लिहिलं त्यानंतर मला वाटू लागलंय की खनकाला सगळंच माहीत आहे, त्यामुळे तो काही शोधत नाही. ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस हवा. त्या सकाळी राख उपसणारा एक साधा नगरवासी. तो बघतो की एक माणूस सगळीकडची राख बाहेर काढतोय आणि एकाच जागी मात्र माती आत लोटतोय. आणि पुढे काही दिवसांनी गावात कुणीतरी एका बाईची आणि तिच्या पाच मुलांची चौकशी करत येतं.

दिंडीवाटेचा

हे लिहा ताई. सोळा प्रकरणं मोडावी लागली तरी लिहा.

रानवाट

पालघरकडे आश्रमशाळेत शिकवते. इतका वेळ नुसतं वाचत होते.

मागच्या वर्षी सहावीला लाक्षागृहाची गोष्ट सांगितली. मी आपली नेहमीसारखी सांगून मोकळी झाले, भुयार, सुटका, भीमाने सगळ्यांना उचललं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, त्या बाईला घरी कोणी नव्हतं का? कोणी शोधायला आलं नाही?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर सुट्टीत तो पुन्हा आला आणि विचारलं, "त्यांची नावं काय होती?" तेही माहीत नव्हतं.

निषाद म्हणजे आजची अमुक जमात असं मी म्हणणार नाही, तुम्हीही कादंबरीत म्हणू नका. पण ही गोष्ट रानाजवळ राहणारी मुलं ऐकतात तेव्हा ती कुणाच्या बाजूला उभी राहतात ते मी पाहिलं आहे. तुमच्या गोष्टीत चौकशी करत येणारं माणूस आहे हे वाचून बरं वाटलं. त्या मुलाला सांगेन.

पाचांची नावं काय ठेवलीत?

नदीकाठची

रानवाट, खरं सांगते, ठेवली नाहीत. मसुद्यात "थोरला", "दुसरा", "धाकटा" असंच आहे. तुमचा प्रतिसाद वाचून स्वतःचं हस्तलिखित उघडलं आणि सोळा प्रकरणांत एकदाही त्यांना नाव नाही हे दिसलं. सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी वारांची नावं सुचतायत.

शिरोरेखा

वारांची नावं टाळा. सात वारांची मोजणी आपल्याकडे नंतर रुळली, महाभारतात माणसं दिवस सांगतात ते तिथीने आणि नक्षत्राने. पुरोचनाची रात्रही चतुर्दशी म्हणूनच येते. झाडांवरून, नद्यांवरून, प्राण्यांवरून ठेवा. गंगा-यमुनेच्या दुआबातलं रान आहे, खैर, शिसव, पळस, जांभूळ, बोर.

नदीकाठची

रानवाट, तुमच्या वर्गाला विचाराल का? त्या मुलाला खास.

रानवाट

(आठ दिवसांनी)

विचारलं. फळ्यावर झाडांची यादी लिहिली होती. एक मुलगी म्हणाली, आधी आईचं नाव ठेवा, मग मुलांची. म्हणून आधी आईचं ठेवलं, पळसा. थोरला खैर, मग शिसव, जांभ्या, बोऱ्या. धाकट्यावरून अर्धा तास वाद चालला. ज्याने मागच्या वर्षी विचारलं होतं तो म्हणाला, त्याचं नाव शोधायला येणाऱ्या माणसाच्या तोंडून कळू दे, कारण ते फक्त घरच्यांनाच माहीत असेल.

नदीकाठची

पहिलं प्रकरण आज नव्याने सुरू केलं. राख अजून गरम आहे, आणि वेशीपाशी एक माणूस वाटेत भेटेल त्याला पळसा नावाच्या बाईबद्दल विचारतोय.